मांजराच्या पथ्याची गोष्ट

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या भागात कधी गेलात, तर तिथल्या विहिरीचे पाणी घोटभर चाखून पाहा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. मूत्रपिंडाच्या विकाराची गोष्ट निघाली की इथली माणसे पहिल्यांदा या पाण्याकडे बोट दाखवतात. घरातले मांजर मात्र तेच पाणी बिनतक्रार पिते. असे कसे?

१९५९ साली अमेरिकेत वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तहानलेल्या मांजरांना चक्क समुद्राचे पाणी पाजले आणि त्यावर त्यांची तहान भागते असे दाखवून दिले. माणूस समुद्राचे पाणी प्याला, तर त्यातले मीठ बाहेर टाकायला प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्ची पडते. मांजराचे मूत्रपिंड माणसाच्या दुपटीहून दाट मूत्र तयार करते. रखरखीत प्रदेशातल्या रानमांजरांचा हा वारसा आहे.

तरीही म्हातारपणी अनेक मांजरांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. मेलेला भाग पुन्हा उगवत नाही; उरलेला जपायचा, तर मुख्य साधन म्हणजे पथ्य. पण पथ्य कशाचे?

पहिले उत्तर कुत्र्यांकडून आले. १९३९च्या सुमारास मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थाच्या वाटाड्या कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडली. मार्क मॉरिस या पशुवैद्यांनी त्याच्यासाठी खास आहार तयार केला, आणि १९४८पासून असे अन्न कारखान्यात डबाबंद होऊ लागले. विचार सरळ होता : प्रथिनांपासून युरिया होतो, तो मूत्रपिंडाला गाळावा लागतो, म्हणून प्रथिने कमी करा.

मांजर म्हणजे लहान कुत्रे नव्हे. कुत्र्याला प्रथिने कमी मिळाली, तर त्याचे यकृत ती जाळण्याचा वेगही कमी करते. मांजराच्या यकृताला हे फारसे जमत नाही, असे १९७७ साली दिसून आले. प्रथिने फार तोडली, तर मांजर स्वतःचे स्नायू जाळून खंगते.

खरा धागा हाती आला तो १९८२ साली. रॉस, फिन्को आणि क्रोवेल यांनी शस्त्रक्रियेने मूत्रपिंडाचा बराच भाग कमी केलेल्या मांजरांचे दोन गट केले. एकाला नेहमीइतके फॉस्फरस असलेले अन्न दिले, दुसऱ्याला कमी फॉस्फरसचे. पहिल्या गटात मूत्रपिंडात क्षार साठले, व्रण पडले. दुसऱ्यात हे नुकसान फारसे झाले नाही. दुबळ्या मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात वाढते, एक संप्रेरक हाडांतून कॅल्शियम ओढून काढते, आणि दोन्ही मिळून मूत्रपिंडातच साचतात.

२००६ साली अमेरिकेत ४५ आजारी मांजरांवर दोन वर्षांपर्यंत चाचणी झाली. साध्या अन्नावरच्या २३ पैकी ६ मांजरांना रक्तात विषारी द्रव्ये साचून झटके आले; पथ्याच्या अन्नावरच्या २२ पैकी एकालाही नाही. या अन्नात फॉस्फरसबरोबर प्रथिने आणि सोडियमही कमी होते, तेव्हा सारे श्रेय एकट्या फॉस्फरसला देता येणार नाही. पथ्याने असे झटके टळतात, एवढे मात्र दिसून आले.

आपल्याकडे मांजराला दूध-भाकर घालतात. प्रेमापोटीच. पण दुधात फॉस्फरस भरपूर असते, आणि ज्वारीत टॉरिन नसते. टॉरिनच्या अभावी मांजर आंधळे होते हे १९७५ साली कळले, हृदयही दुबळे होते हे १९८७ साली. म्हणून आजारी मांजराचे मांस एकदम तोडू नका. प्रमाण पशुवैद्याला ठरवू द्या.

आणि पाणी? मूत्रपिंड बिघडू लागले की दाट मूत्र करण्याची ताकद ओसरते. मांजर सारखे पाणी पिऊ लागते, वारंवार लघवी करते. खारे पाणी पेलण्याची मिरास तेव्हा संपलेली असते. खारपाणपट्ट्यात अशा मांजरासमोर गोड्या पाण्याची वाटी ठेवायला हवी, घरात माणसांसाठी ठेवतो तशीच. ती का, हे वर्गात मुलांना विचारून पाहा.