नोकरी सुटल्यावरचा दवाखाना

सातारा-सांगलीच्या कारखानदारीचा इतिहास किर्लोस्करवाडी (१९१०) आणि ओगलेवाडी (१९१६) यांच्यापासून सांगितला जातो, आणि ते रास्तच आहे. औंध संस्थानच्या पाठबळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखान्यासोबत गाव वसवले आणि कामगाराच्या घरादाराचा विचार केला. पण मालकाच्या आपुलकीवर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेची एक मर्यादा असते: ती नोकरीपुरतीच टिकते. घरोघरी प्रभाकर कंदील पोचवणारा ओगल्यांचा काच कारखानाही पुढे बंद पडलाच. आजारपणामुळे कामावरून उतरलेल्या माणसाला औषधपाण्याची गरज सर्वांत जास्त असते आणि नेमका तेव्हाच त्याचा मालकाशी संबंध तुटलेला असतो. म्हणून उपचार चालू राहायचे असतील, तर त्यांचा पैसा आणि नोंद दोन्ही मालकाच्या हाताबाहेर असली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने नेमके हेच साधले. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कामगाराची एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर नोव्हेंबरात काम सुटले तरी पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये त्याला आणि घरच्यांना दवाखाना मिळतो. निदान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीसाठी उपचार घेता येतात. हे सारे मालकाच्या नियमितपणावर उभे आहे. आज ३.२५ टक्के त्याचे आणि ०.७५ टक्के कामगाराचे, अशी दोन्ही वर्गणी त्यानेच पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगारातून कापलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने त्याच्याकडे सोपवलेली ठेव असते. त्याने ती भरली नाही आणि कामगाराचा लाभ हुकला, तर महामंडळ लाभ देऊन त्याच्याकडून वसूल करू शकते. छोट्या कारखानदाराला हा कागदोपत्री जाच वाटतो. त्याची अडचण खरी आहे, पण एका हुकलेल्या भरण्याची किंमत सहा महिन्यांनी दुसऱ्याच कोणाच्या घरात मोजली जाते.

वजनदार आक्षेप साखरपट्ट्यातून येतो. हंगामी कारखाने या कायद्याबाहेर आहेत आणि साखर कारखान्यांचा उल्लेख त्या व्याख्येत नावानिशी आहे. कारण असे दिले जाते की गाळप संपले की कामगार कोणाचा, हेच ठरत नाही. मला हे पटत नाही. हंगामी कामगाराला बंद काळात रिटेन्शन भत्ता देण्याची पद्धत याच उद्योगात आहे, म्हणजे तो आपला आहे हे कारखान्याला ठाऊक असते. शिवाय मालक ठरलेला नसताना काय करावे, याचे उत्तर सातारा जिल्ह्यातल्याच माणसाने मिळवून दिले. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. सांगलीच्या बाजारात हळदीची पोती उचलणारा हमाल सकाळी एका अडत्याकडे तर दुपारी दुसऱ्याकडे असतो. त्याची नोंद मात्र माथाडी मंडळात होते, आणि प्रत्येक व्यापारी मजुरीबरोबर लेव्ही मंडळातच भरतो. अडत्या बदलला म्हणून हमालाचा हक्क बदलत नाही. पोत्यामागे हिशेब ठेवता येतो, तर गाळपाच्या दिवसांमागे का ठेवता येऊ नये? तरीही २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने आरोग्यविम्यातून हंगामी कारखान्यांना पुन्हा वगळलेच आहे.