पऱ्हे आणि बांधी

श्रोतेहो, धानाची रोवणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला शिकवायला नको. आधी पऱ्हे टाकायचे, ते जोमदार झाले की उपटून बांधीत रोवायचे. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळात हीच रीत आहे. मोठ्या क्लबाला खेळाडू पुरवणाऱ्या लहान गावांतल्या संघांना तिकडे ‘शेत-संघ’च म्हणतात.

ही रीत गरिबीतून निघाली. सेंट लुईसच्या कार्डिनल्स क्लबापाशी तयार खेळाडू विकत घेण्यापुरता पैसा नव्हता. म्हणून १९२० नंतर त्याचे चालक ब्रँच रिकी यांनी लहान क्लब हाताशी धरले, तिथे पोरे घडवली आणि पायरीपायरीने वर आणली. १९२६ साली कार्डिनल्स अजिंक्य ठरले.

पण पऱ्हे बांधीत गेलेच नाहीत तर? पुष्कळ पोरे खालीच अडकून पडली. १९३८ साली आयुक्त लँडिस यांनी या क्लबाचे कित्येक खेळाडू मोकळे केले. पुढे २०२१ साली मोठ्या ३० क्लबांचे शेत-संघ १६० वरून १२० वर आले आणि अनेक गावांचे नाते तुटले.

आता आपल्याकडे पाहा. विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो. पहिला करंडक मिळाला तो २०१७-१८ मध्ये, इंदूरला दिल्लीला हरवून. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि फलंदाज वसीम जाफर मुंबईचे खरे. पण कप्तान फैज फजल आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी हे घरचे. २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही करंडक नागपुरास आला. जिल्हा, वयोगट, अकादमी अशी शिडी उभी राहिली, त्याचे हे फळ.

मात्र शिडीची खालची पायरी दूर आहे. उमेश यादव हा खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा. टेनिसच्या चेंडूवर वाढला, चामड्याचा चेंडू फार उशिरा हाती आला. तरी २००८ मध्ये रणजी आणि २०११ मध्ये कसोटी खेळला; विदर्भाचा तो पहिला कसोटीवीर. खाणकामगारांच्या वस्त्या घुग्घुस-बल्लारपुरातही आहेत. सिरोंच्याच्या मुलाला तर जिल्ह्याचे गावच सुमारे २०० किलोमीटर पडते.

तेव्हा गुरुजी, पहिली पायरी तुमच्या शाळेचे पटांगण आहे. चपळ पोर दिसले की त्याचे नाव तालुक्याला कळवा, जिल्ह्याच्या निवडीची तारीख विचारून घ्या, त्याच्या बापाला समजावून सांगा. बांधी कितीही कसदार असो. पऱ्हेच टाकले नाहीत, तर रोवणार काय?