रस्त्यावरील तात्पुरती दुरुस्ती : बर्था बेंझ यांच्या १८८८ च्या प्रवासाचा पुनर्विचार

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पेटंटाची तारीख, संशोधकाचे नाव आणि कारखान्याची स्थापना या खुणांवर त्याची मांडणी उभी असते. यंत्र वाटेत बंद पडल्यावर ते कोणी व कशाच्या साहाय्याने पुन्हा चालू केले, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात मोटारीच्या पहिल्या दीर्घ प्रवासाकडे याच प्रश्नाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी वाहनाच्या पेटंटासाठी अर्ज केला. पेटंटाचा क्रमांक ३७४३५. तथापि लोकांचा या वाहनावर विश्वास बसत नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या ३९ वर्षांच्या पत्नी बर्था या यूजेन (१५) व रिचर्ड (१३) या मुलांना घेऊन, पतीला न सांगता, मानहाईमहून फोर्त्सहाईमला आपल्या माहेरी निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर होते. विवाहापूर्वीच त्यांनी आपल्या हुंड्याची रक्कम कार्ल यांच्या व्यवसायात घातली होती. त्यामुळे हा केवळ माहेरचा प्रवास नव्हता, हे उघड आहे.

वाटेतील बिघाड :
इंधनाची नळी तुंबली तेव्हा बर्था यांनी टोपीला लावावयाच्या पिनेने ती मोकळी केली. प्रज्वलनाची तार उघडी पडली तेव्हा मोज्याचा बंद गुंडाळून तिचे आवरण केले, असे सांगितले जाते. बाष्पीभवनाने थंड होणाऱ्या एंजिनाला सतत पाणी लागे. ते वाटेतील विहिरी व ओढ्यांतून घ्यावे लागले. लिग्रोईन हे इंधन त्या काळी डाग काढण्यासाठी औषधालयात मिळत असे. वीसलोख गावच्या औषधालयातून ते विकत घेण्यात आले. ताणली गेलेली साखळी ब्रुखझालच्या लोहाराने ठीक केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा बाउश्लॉट येथील चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर मात्र कोणतीच युक्ती चालली नाही. तेथे गाडी ढकलावीच लागली.

यांपैकी एकाही ठिकाणी मोटारीचे ज्ञान असलेला कारागीर नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. घोडागाडीच्या काळातील लोहार, चर्मकार व औषधविक्रेता यांच्या जुन्या कौशल्यावर नवे यंत्र पुढे सरकले. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाच्या वाचकास बलुतेदारांची ही व्यवस्था परिचित आहे. बैलगाडीच्या चाकाला धाव बसविणाऱ्या लोहाराला मोटारीची साखळी फार अनोळखी वाटली नसती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मोटारीने गावगाड्याची जागा घेतली हे आपण सहज म्हणतो. परंतु आरंभी ती गावच्याच कारागिरांच्या आधाराने चालली, हे विसरतो.

या दुरुस्त्यांचा परिणाम वाटेपुरताच राहिला नाही. चामड्याचे ते अस्तर आजच्या ब्रेक-लायनिंगचे पूर्वरूप मानले जाते, आणि चढावरील अनुभवानंतर गाडीला आणखी एक गिअर जोडण्यात आला. म्हणजे रस्त्यावर जे निभावून नेले, त्याचा समावेश पुढे रचनेतच झाला.

साधनांचा प्रश्न :
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पिन व मोज्याचा बंद यांची हकीकत मुख्यत्वे कौटुंबिक आठवणींतून आलेली आहे. कार्ल बेंझ यांचे आत्मचरित्र १९२५ साली, म्हणजे प्रवासानंतर ३७ वर्षांनी प्रसिद्ध झाले. शिवाय ते स्वतः या प्रवासाचे साक्षीदार नव्हते. त्यामुळे तपशिलात फरक आढळणे स्वाभाविक आहे. तरीही दुरुस्तीची कागदोपत्री नोंद सहसा होतच नाही, हे ध्यानात घेता केवळ समकालीन पुराव्याच्या अभावी या आठवणी बाजूस सारणे इतिहासाच्या अभ्यासकास परवडणारे नाही.

इंधन विकणारे वीसलोखचे विली ओकेल यांचे नाव आज ज्ञात आहे. त्यांच्या औषधालयासमोर स्मारक असून त्या जागेला जगातील पहिला पेट्रोलपंप म्हटले जाते. साखळी ठीक करणारा लोहार आणि चामडे ठोकणारा चर्मकार मात्र रूढ कथनात केवळ व्यवसायनामानेच येतात.