मुके खापर

माझ्या वर्गातल्या टेबलावर गेली अठरा वर्षे एक खापर आहे. तळहाताएवढे, तांबूस रंगाचे, वर काळ्या रंगाच्या दोन आडव्या रेघा. नखाने टिचकी मारली की खणकन वाजते. दरवर्षी नव्या वर्गाला मी ते वाजवून दाखवतो आणि ऐटीत सांगतो, "मुलांनो, हे तीन हजार वर्षांचे आहे बरे का!" मुले तोंडात बोट घालतात. मलाही त्या क्षणी थोडे मोठे झाल्यासारखे वाटते.

ते माझ्याकडे कसे आले, हे मात्र मी कोणाला सांगत नसे. दिवाळीला घराचे कोपरे झाडतो, तसा आज मनातला हा कोपरा झाडून टाकतो.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पांढरीची टेकाडे आहेत. जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे पांढरी म्हणतात, हे खेड्यातल्या वाचकांना सांगावयास नको. पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि पडक्या भिंतींची माती मिसळून तिथली जमीन पांढुरकी होते. या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हसमुख सांकलिया, म. के. धवलीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे.

उत्खनन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुदळी आणि मोहरांचे हंडे येतात. प्रत्यक्षात ते काम खुरप्याचे आणि कुंचल्याचे. जमिनीवर चौकोन आखायचे, एकेक थर सोलून काढायचा, माती चाळायची, आणि मिळेल ती वस्तू कोणत्या चौकोनात, कोणत्या थरात, किती खोलीवर मिळाली हे लिहून ठेवायचे. इनामगावात सोने थोडे आणि माती फार. पण या लिहिण्यापायी त्या मातीतून एक अख्खे गाव उभे राहिले.

इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत ते नांदले. त्याची शंभराहून अधिक घरे सापडली. भरभराटीच्या काळात गावकऱ्यांनी सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल असा पाट खणून पुराचे पाणी वळवले होते. मुख्य पीक जवाचे. माझ्यासारखी खापरे या काळातली. त्यांना संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून ‘जोर्वे’ हे नाव पडले आहे. गावात एक पाच खोल्यांचे घर होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. ते गावच्या मुखियाचे असावे. त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष मिळाला. वय चाळिशीचे, म्हणजे माझ्याच वयाचे. इतर मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. याची शाबूत होती.

लहान मुले मेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. का पुरीत, हे शास्त्रज्ञ ठामपणे सांगणार नाहीत. मी कादंबऱ्या लिहिणारा. मला वाटते, आईला लेकरू उंबऱ्याबाहेर पाठववत नसेल.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी मातीची डबी. एका घराच्या जमिनीखाली ती पुरलेली होती. डबीत एक लहानशी स्त्रीमूर्ती, आणि डबीवर एक शिर नसलेली स्त्रीमूर्ती व एक बैल. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीलाही भोके. काडी घालून पाहिली, तर देवी बैलावर नीट बसली! आता कल्पना करा, कोणा हौशी माणसाने बैल तेवढा उचलून नेला असता, तर आपण त्याला पोराचे खेळणे म्हटले असते.

पुढे दिवस फिरले. पाऊस कमी होत गेला असावा, असे धवलीकरांनी मांडले आहे. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेळ्यामेंढ्या वाढल्या आणि शिकारही वाढली. हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. उकिरड्यातली हाडे थराथराने मोजली, तेव्हा ते कळले. त्या हाडांत काळवीटही होते.

हे सगळे मी नंतर वाचले. अठरा वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन इनामगावला गेलो, तेव्हा टेकाडावर पायाला काही लागले, वाकून उचलले आणि पिशवीत टाकले. बस्स, एवढीच हकीकत.

तिची बोच लागली ती गेल्या वैशाखात. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. १९८० साली झालेले, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे. १९७२ च्या कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली, तरी माळ राहिला तरच ते राहणार. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मी तिथे पाणवठ्यावर गणतीला बसलो. वाटेतच मला बारा हरणे दिसली होती. मी उत्साहाने ती कागदावर मांडली. वनरक्षक म्हणाला, "सर, ती खोडा. या पाणवठ्यावर येतील तेवढीच लिहा, वेळेसकट. नाहीतर तीच बारा पलीकडचा लिहील आणि कागदावर चोवीस होतील. जागा नसलेले हरीण आम्हाला चालत नाही."

पहाटेपर्यंत माझ्या कागदावर सात आली. पण सारी रात्र डोळ्यांपुढे टेबलावरचे खापर होते.

दिवाळीआधी मी ते रुमालात बांधले आणि इनामगाव गाठले. उत्खननात तरुणपणी मजुरी केलेले एक बाबा भेटले. त्यांनी खापर उलटेपालटे केले, टिचकी मारली आणि ओळखीचे हसले. मग विचारले, "गुरुजी, कुठनं उचाललं?"

"टेकाडावरून."

"टेकाड केवढं हाय! कंचा कोपरा? वर पडलं व्हतं, का पाण्याच्या वगळीत?"

मला सांगता येईना.

"आम्ही वरची खापरंबी जागा लिहून पिशवीत भरायचो," बाबा म्हणाले. "साहेबलोक सांगायचे, जागा गेली की खापर मुकं."

"परत ठेवू का, बाबा?"

"कुठं ठिवणार?"

त्यांनी ते माझ्या हातावर ठेवले आणि चहा टाकायला सांगितले.

खापर पुन्हा माझ्या टेबलावर आले आहे. आता त्याला एक चिठ्ठी डकवली आहे : ‘इनामगाव. जागा : ठाऊक नाही. उचलणारा : तुमचे गुरुजी.’ सुटी संपून शाळा उघडेल, तेव्हा वर्गाला आधी ती चिठ्ठी वाचून दाखवीन. टिचकी नंतर.