जलसमाधी की विल्हेवाट?

१७ मे २००६ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या पेन्साकोला शहरापासून सुमारे २४ मैलांवर, मेक्सिकोच्या आखातात, 'ऑरिस्कनी' ही विमानवाहू नौका स्फोटके लावून बुडवण्यात आली. ३७ मिनिटांत ती तळाशी गेली. अशा घटनेला मराठीत आपण सहजच 'जलसमाधी' म्हणतो. पण समाधी स्वेच्छेने घ्यायची असते. इथे ती दिली गेली. म्हणून हा शब्द येथे कितपत शोभतो, हे तपासावे असे आम्हांस वाटते.

ऑरिस्कनीचे जलावतरण १९४५ च्या ऑक्टोबरात, म्हणजे महायुद्ध संपल्यावर, झाले. १९५० मध्ये नौदलात दाखल झालेली ही नौका कोरिया व व्हिएतनाम या दोन्ही युद्धांत लढली. २६ ऑक्टोबर १९६६ रोजी हँगरमधील कोठारात मॅग्नेशियमचा फ्लेअर पेटून लागलेल्या आगीत ४४ जण दगावले; त्यांतील अनेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. १९७६ मध्ये ती निवृत्त झाली. नव्वदच्या दशकात तिला भंगारात काढण्याचा प्रयत्न फसला, आणि मग कृत्रिम प्रवाळखडकाची कल्पना पुढे आली. तारांच्या आवरणांत उरलेल्या पीसीबी या विषारी रसायनासह तिला बुडवण्यास पर्यावरण खात्याने परवानगी दिली. तेव्हा या निर्णयामागे केवळ स्मृतिभाव होता, असे म्हणवत नाही.

नौका तळावर सरळ उभी राहिली, त्यामुळे स्कूबा पाणबुड्यांची तेथे रीघ लागली. मात्र २००८ च्या 'गुस्ताव' वादळानंतर ती सुमारे १० फूट आणखी खाली गेली, आणि उड्डाणफलाट १४५ फुटांवर पोहोचला. हौशी पाणबुड्यांची मर्यादा १३० फुटांची. म्हणजे त्यांना दिसतो तो वरचा मनोरा, जेथून हुकूम सुटत. आग लागली तो हँगर फलाटाच्या खाली, त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो. लिखित इतिहासाचे तरी याहून वेगळे काय होते?

आपली 'विक्रान्त' मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती मोडली गेली, आणि तिच्या पोलादाचा काही अंश मोटारसायकलींत गेला. त्या मानाने ऑरिस्कनीचा देह शाबूत आहे, हे खरेच. पण माशांना आसरा मिळाला म्हणून मृतांचे स्मरण झाले, असे होत नाही. त्या ४४ जणांची आठवण कागदावरच राखावी लागेल. तोवर आम्ही या घटनेस 'विल्हेवाट' हाच शब्द वापरू.