प्राचीन तगर आणि परकीय व्यापाऱ्यांचे मार्गदर्शन

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर होय, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादन केले. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सागरी व्यापाऱ्यांची मार्गदर्शिकाच होता. त्यानुसार भडोचहून पैठण २० दिवसांच्या व तेथून पूर्वेस तगर १० दिवसांच्या वाटेवर होते. तगरचे साधे कापड व तलम मलमल गाड्यांतून, बिकट वाटांनी भडोचला जाई.

नर्मदेच्या मुखाशी उथळ जागा व प्रबळ भरती-ओहोटी यांमुळे परकी जहाजे संकटात सापडत. म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या नावांतून सामोरे जाऊन त्यांना बंदरात आणीत. मात्र त्याच काळात कल्याण बंदरात योगायोगाने शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही हा ग्रंथ नोंदवितो.

तात्पर्य, परकीयांना मिळणारे साहाय्य हे निव्वळ आतिथ्य नव्हते. व्यापार आपल्याच बंदरात राहावा, हा राजसत्तेचा हेतू त्यामागे दिसतो. कल्याण तुलनेने जवळ असूनही तगरच्या विणकरांचा माल दूरच्या भडोचला जात होता, याचा उलगडा या स्पर्धेतून काही अंशी होतो.