सील्ड की पोर्टेड? डिकीतल्या बॉक्समागचा इतिहास

कारमध्ये सबवूफर बसवायचा म्हटलं की दुकानात दोन प्रश्न येतात. किती इंची? आणि बॉक्स सील्ड की पोर्टेड? पहिल्याचं उत्तर आपण खिसा बघून देतो आणि दुसऱ्याचं मित्राच्या गाडीत काय आहे ते बघून. माझ्या हॅचबॅकसाठी हा प्रश्न आला तेव्हा एक अट होती: आई-बाबांच्या बॅगांसाठी अर्धी डिकी तरी मोकळी राहिली पाहिजे. म्हणून आधी इतिहास उघडला.

मुळात बॉक्स लागतो कशाला? स्पीकरचा कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. बासच्या लहरी लांबलचक असतात, ४० हर्ट्झची एक लहर साधारण साडेआठ मीटर. त्यामुळे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. मागचा आवाज कुठेतरी अडवायला हवा.

बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरासनं उलटा विचार केला. अडवायचा कशाला, वापरू या की! बॉक्सला एक भोक ठेवलं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कसा घुमल्यासारखा आवाज येतो, तसंच हे. ठरावीक सुरावर भोकातली हवा कोनला साथ देते आणि आवाज वाढतो. याचं पेटंट मिळालं १९३२ मध्ये. आजचा पोर्टेड बॉक्स तो हाच.

दुसरी बाजू एडगर विल्चरची. त्या काळी खोल बास हवा तर स्पीकर फ्रीजएवढा लागायचा, कारण छोट्या बंद बॉक्समधली हवा कडक स्प्रिंगसारखी वागते आणि बास मारते. विल्चर म्हणाला, मग कोनची स्वतःची स्प्रिंग एकदम सैल करू आणि हवेलाच स्प्रिंगचं काम देऊ. न्यूयॉर्कमध्ये तो शिकवायचा. तिथलाच त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस सोबत आला आणि १९५४ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधून ‘एआर-१’ बाहेर पडला. आकार छोटा आणि बास खोल. फक्त वॉट जास्त खायचा.

हा सौदा नियमात मांडला अँटन हॉफमननं, ‘केएलएच’ कंपनीतला ‘एच’ तो हाच. छोटा बॉक्स, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. याला ‘आयर्न लॉ’ म्हणतात. इंजिनिअरिंगमध्ये ट्रेड-ऑफ शिकलो, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलं नाही.

तरी बॉक्सचं माप बरंचसं अंदाजपंचे चालायचं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलनं १९६१ मध्ये पोर्टेड बॉक्सचं गणित मांडलं. त्याचा पेपर १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापला गेला आणि सिडनीत रिचर्ड स्मॉलनं ते काम पुढे नेलं. सबवूफरच्या खोक्यावर ‘एफएस’, ‘क्यूटीएस’, ‘व्हीएएस’ असे आकडे असतात ना, ते या दोघांचे. ढोबळ नियम असा: क्यूटीएस ०.४ च्या बराच खाली असेल तर पोर्टेड, वर असेल तर सील्ड. दुकानात वॉट विचारण्याआधी हा आकडा विचारा.

आता गाडीत या. घरात जे खरं, ते इथे थोडं बदलतं. खालच्या सुरांच्या लहरी केबिनपेक्षा लांब असतात, त्यामुळे कोन थेट केबिनमधल्या हवेचा दाब वर-खाली करतो. फ्रिक्वेन्सी अर्धी झाली की, कागदावर तरी, १२ डेसिबल फुकट मिळतात. सील्ड बॉक्स त्याच्या मर्यादेखाली तितक्याच वेगानं घसरतो. म्हणजे एकाची घट दुसरा भरून काढतो! दारं-खिडक्यांतून दाब निसटतो, त्यामुळे हिशोब पूर्ण जुळत नाही, पण फायदा कानाला कळतो. पोर्टेड बॉक्स भोकाच्या सुराजवळ जास्त वाजतो. त्या सुराखाली मात्र तो दुप्पट वेगानं पडतो, कोन मोकाट हलायला लागतो आणि वर डिकीही जास्त खातो.

शिवाय विल्चरच्या काळी वॉट महाग होते, आज क्लास-डी अँपमुळे स्वस्त आहेत. सील्डची सगळ्यात मोठी किंमत होती तीच उतरली. म्हणून मी १० इंची सील्ड घेतला आणि बॅगा मावल्या. तुम्हाला धडधड हवी असेल आणि डिकी रिकामीच असेल, तर पोर्टेड घ्या, काही बिघडत नाही.

एक शेवटचं. एआर विकल्यावर विल्चर वळला श्रवणयंत्रांकडे. कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणं स्पष्ट कळावं म्हणून त्यानं नवी पद्धत शोधली आणि तिचं पेटंट न घेता ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. ८५ डेसिबलला रोज ८ तास ही कानाची मर्यादा धरली जाते आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. बंद काचांच्या गाडीत हा आकडा सहज ओलांडला जातो. फोनमध्ये डेसिबल मोजायचं एखादं अ‍ॅप टाका आणि नॉब फिरवण्याआधी एकदा बघा.

तुमच्या डिकीत काय आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!